वाऱ्यात रिकामी गाडी

दि. ३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता ‘हं’ आणि ‘बरं’ म्हणतोस, त्यापेक्षा बंद फोनशी बोललेलं परवडलं. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राला तरी पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागतं.

इकडे सगळं ठीक आहे. आमच्या लाँड्रीत नवं यंत्र आलंय, ते चादरींच्या घड्या घालण्याऐवजी बोळे करून देतं आणि वर बिघाड आमचाच म्हणून शिट्टी मारतं. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडत बसतात. आपण उभा जन्म ट्रकवर काढला आणि हा खोलीत बसलेला माणूस आपल्याला वारा शिकवतो, असं त्यांचं म्हणणं.

धाकट्या, ढोल्या गेल्याचं तू आम्हाला एका ओळीत कळवलंस. तुझा इतक्या वर्षांचा जोडीदार, त्याची गाडी तुझ्या डोळ्यांदेखत पुलावर उलटली, आणि एक ओळ! बाबांना एकच कळत नाही. रिकामी गाडी वाऱ्यात काढायची तर दोन्ही बाजूंच्या ताडपत्र्या गुंडाळून वर बांधायच्या, वारा आरपार जाऊ द्यायचा, हे तुम्ही दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलात. मग ढोल्याच्या ताडपत्र्या खाली कशा होत्या, असं ते रोज विचारतात. मी काय सांगू?

जेवतोस का, झोपतोस का, ते लिही. खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून कळतं.

तुझी,
ताई

दि. ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जेवतो. झोपतोही, अगदी दगडासारखा. बाबांना शि. सा. न. सांग.

त्यांना सांग की गाडीत कपाट होतं. माल उतरवून आम्ही दोघंही आपापली रिकामी गाडी घेऊन परत निघालो होतो. वाटेत ढोल्याने बायकोसाठी एक जुनं लाकडी कपाट घेतलं, आरसा असलेलं. ती कधीपासून मागे लागली होती. एवढ्या मोठ्या हौद्यात ते एकटं कपाट. आम्ही ते दोरीने बांधलं आणि तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. लाकूड भिजून फुगेल म्हणून त्याने ताडपत्र्या खाली सोडून चारी बाजूंनी आवळल्या. मी वाऱ्याचं म्हटलं, तर पोटावर थाप मारून म्हणाला की एवढं वजन स्टेअरिंगमागे बसल्यावर वारा काय करणार. आम्ही हसलो. पुलाच्या मध्यावर त्याची गाडी आधी एका बाजूची चाकं उचलून चालली, मग आडवी झाली आणि कठड्यावरून गेली. एवढंच झालं.

त्यानंतर मी एक दिवस घरी बसलो आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली. मला काही होत नाही, ताई. रडू नाही, स्वप्नं नाहीत. लोक माझ्याकडे बघून आवाज खाली करतात, मला त्याचंही काही वाटत नाही. चहा गरम आहे की गार, हे प्यायल्यावरसुद्धा कळत नाही.

परवा त्याच पुलावरून रिकामी गाडी नेली. वारा जोरात होता. अलीकडच्या थांब्यावर सगळ्यांनी गाड्या लावून ठेवल्या होत्या. मी ताडपत्र्या वर बांधल्या आणि गेलो. गाडी दोनदा हात-दीड हात सरकली. मी शांत होतो. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं की आपण थांबायला हवं होतं. मालक मात्र खूश आहे, म्हणतो तुझ्यासारखा गडी नाही.

बाकी क्षेम. यंत्राला एक लाथ घाल, सुधारेल.

तुझा,
धाकटा

दि. १७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि त्याच्या दुप्पट शिव्या.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. कपाटाचं ऐकताना त्यांनी डोळे पुसले. पुलाचं ऐकलं तेव्हा रेडिओ बंद केला. बाबांनी रेडिओ बंद केलेला मी कधी पाहिलेला नाही.

मग ते म्हणाले की त्याच्या हातून किल्ली काढून घे. वाऱ्यात ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याने गाडीवर बसू नये, कुठे थांबायचं हे तो गोळाच सांगतो. आपण इतकी वर्षं जिवंत परत आलो ते हुशारीने नव्हे, घाबरत आलो म्हणून. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, तुलाही नसेल.

मालक खूश आहे म्हणे! त्याचं काय जातंय? गाडीचा विमा असतो. मला भाऊ एकच आहे.

तू गाडी सोडणार नाहीस हे मला ठाऊक आहे, लहानपणापासून हट्टी आहेस. मग एवढं तरी कर. दुसरे थांबले की थांब. तुला काही वाटत नसलं तरी ताईने सांगितलं म्हणून थांब. तुझ्या वाटची भीती सध्या मीच बाळगते आहे. झाड हललं तरी माझा हात इस्त्रीवर थांबतो, काल एक चादर जाळली.

पत्र ताबडतोब लिही.

तुझी,
ताई

दि. २६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थांबलो. पुलाअलीकडचा तोच थांबा. तू सांगितलंस म्हणून गाडी लावली, चहा घेतला, बसून राहिलो. वारा असा होता की टपरीवरचे पत्रे वाजत होते. मला काहीच वाटत नव्हतं.

मग रांगेतली एक गाडी हलली. रिकामी, आणि ताडपत्र्या खाली आवळलेल्या. तिचा हौदा नुकताच धुऊन वाळवला होता, उद्या पिठाची पोती भरायची म्हणून पाऊस आला तरी आत ओल नको होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की ती पुलाकडे वळते आहे. मी पळत जाऊन तिच्यापुढे उभा राहिलो. तिच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, शिव्या दिल्या, गाडी पार माझ्या छातीपर्यंत आणली. मी बॉनेटवर दोन्ही हात आपटत ओरडत होतो की ढोल्या, खाली उतर, ढोल्या, ताडपत्री सोड.

तो उतरला. काडीसारखा बारीक माणूस, ताई. भांडायला आला होता, पण माझ्याकडे बघून त्याने विचारलं की ढोल्या कोण. मी सांगायला गेलो. मध्येच रस्त्यात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्याने मला उठवून कडेला नेलं. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या ताडपत्र्या वर बांधल्या.

वारा पडल्यावर तो गेला, बाकीचेही गेले. माझ्याच्याने जाववलं नाही. गाडीच्या पायरीवर पाय ठेवला की पोटात गोळा येतो. आता हवा अगदी शांत आहे, तरी येतो. मालकाला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. तो वाटेल ते बोलला, मी ऐकून घेतलं. थांब्यावरच एक खोली घेतली आहे, पत्ता मागे लिहिला आहे. बसही त्या पुलावरूनच जाते, ताई, आणि मला एकट्याला बसवत नाही.

बाबांना सांग की मी घाबरलो आहे. त्यांना बरं वाटेल. तुझा लोभ आहेच. मला न्यायला ये.

तुझा,
धाकटा