पायाळूची लाथ

३ जून, दुपार
ही वही कुणी वाचायची न्हाय. मला तर वाचताच येत न्हाय, तेव्हा माझी भीती न्हाय. मी बोलते, सून वैजयंती लिहिते. नात अंकिता पहिल्या बाळंतपणाला सोलापुरात आमच्याकडं आलीय. गावात मी बत्तीस बाळंतपणं केली. हे तेहतिसावं. नॉर्मलच होणार, माझा शब्द हाय.

९ जून
अंकिता रोज अकलूजला सासूला फोन लावते. सोजरबाई म्हणे लई समजूतदार. त्यांचं स्वतःचं सिजर झालंय, एवढीच काय ती हुशारी. मला कुणी फोन करत न्हाय. तुम्ही घरातच हाय की, असं वैजयंती म्हणाली. ते लिहू नको म्हटलं. तिनं लिहिलं.
ठरलं. बाळाला पहिली अंघोळ मीच घालणार.

१६ जून
सोनोग्राफीत बाळाचे पाय खाली. पायाळू! डॉक्टरीण म्हणाली, फिरलं न्हाय तर सिजरच बरं. अंकिता रडत बसली. मी समजावलं तर जास्तच रडली. मग सासूचा फोन. कमरेत सुई देतात, तू जागीच असतेस, ओढल्यागत वाटतं पण दुखत न्हाय. नंतर कुशीवर वळून उठायचं, खोकताना टाक्यांवर उशी धरायची. पोरगी चक्क हसली.
मी म्हटलं, पायाळूच्या लाथेनं उसण जाते खरी, पण पोट कापून काढलेल्याची लाथ लागू पडत न्हाय. हे ठळक लिही.

२४ जून
सिजर. मुलगी. दोघी बऱ्या हायत. बाहेर आणल्यावर अंकितानं पहिलं विचारलं, आत्या आल्या का? सासूला आत्या म्हणते ती. मी समोरच उभी होते. डोळ्यांत पाणी आलं ते फिनाईलच्या वासानं.

५ जुलै, सकाळी ६
नाळ पडली. आज अंघोळ. सोजरबाई अकलूजच्या गाडीनं नऊला येणार. मी आठलाच उरकणार. अंकिता म्हणाली, आज्जी, पाण्याचा हंडा एकटी उचलू नको. म्हटलं, टाके तुला हायत, मला न्हाय.

५ जुलै, दुपार
उसण भरली. हंडा जागचा हलला न्हाय, मी पालथी पडलीय. अंघोळ सोजरबाईंनी घातली. पोरगी रडली पण न्हाय. माझ्यासाठी तेवढं तरी करायचं.
वैजयंती बाळंतिणीजवळ हाय, म्हणून आज लिहायला सोजरबाईच बसल्यात. आधी त्यांनी मागची पानं वाचली. सगळी. पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते.
मी हळूच म्हटलं, विहीणबाई, पोरीचा पाय जरा माझ्या कमरेला लावता का? त्या म्हणाल्या, पण सोळा तारखेला तुम्हीच सांगितलंय की, सिजरच्या पायाळूची लाथ लागू पडत न्हाय. ठळक हाय.
म्हटलं, खोडा ते.
खोडलं. पोरीनं लाथ घातली. उसण होती तिथंच हाय.
म्हटलं, उद्या तिला अंघोळ घालून झाली, की परत आणा.