चार बोटं खाली

बाबा, मेंदी रंगाची ती उघडी गाडी अजून माझ्या झोपेत येते. तिला आवाज नसतो. धानाच्या बांध्यांमधून ती जमिनीला इतकी लागून येते की चाकं दिसत नाहीत, नुसती वाहत आल्यासारखी वाटते. आत कोण बसलंय ते कळायच्या आधीच जाग येते. मग मी पडल्या पडल्या ते दिवस पुन्हा जुळवत बसते. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे.

साकोलीला हायवेच्या कडेला तुमचं ट्रकच्या पोलादी पाट्यांच्या कमानी दुरुस्त करायचं दुकान होतं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि मी ट्रंक घेऊन माहेरी परत आले होते. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. शेजारपाजारच्या बाया रोज काही ना काही विचारायच्या. तुम्ही मात्र एका शब्दानं विचारलं नाही. एका सकाळी चहाची कपबशी खाली ठेवत एवढंच म्हणालात, "घरात बसून भिंतीकडं काय पाहून राहिली? दुकानात चाल. मले माप वाचून देजो." मला वाटलं, माझी कीव येऊन तुम्ही काम काढलंत. टेपवरचे आकडे तुम्हाला दिसेनासे झालेत, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या हिवाळ्यात तुमसरच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. दोन माणसांची, बिनछताची, जुनी विलायती गाडी. खाणीवरचा कोणी साहेब देश सोडून गेला, तेव्हा बाईंनी ती घेतली होती. मी शाळेत होते तेव्हा तुम्हीच ती उंच करून दिली होती, कारण बाई तिच्यातून करडीकडच्या खेड्यांत बैलगाडीच्या वाटेनं बाळंतपणं करायला जायच्या आणि गाडीचं पोट चाकोरीत घासायचं. मागच्या कमानींत तुम्ही एकेक पाटा वाढवला होता आणि पुढच्या गोल स्प्रिंगांखाली लोखंडी कडी बसवली होती.

"मिस्त्री, तुम्हीच हिला वर उचललं होतं," बाई म्हणाल्या. "आता खाली उतरवा."

"काहून बाई? रस्ते काही लय सुधरले नाही."

"आता मला कोणी बाळंतपणाला बोलवत नाही. इतकी वर्षं हिला लोकांच्या अडचणीसाठी पळवली. आता डांबर असेल तिथेच जाईन, पण ती जशी बनली होती तशी जाईन."

तुम्ही उकिडवे बसलात. चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या जागेत आडवी बोटं घातलीत, मग मला घालायला लावलीत. "किती?" "आठ." "चार पाहिजे," तुम्ही म्हणालात. तुमचं सगळं माप बोटांतच असायचं.

मागचं काम सोपं निघालं. वाढवलेले पाटे काढले आणि मागचं अंग बरोबर चार बोटांवर येऊन बसलं. पुढची कडी काढली, तर तिथे दोनच बोटं उतरली. राहिलेल्या दोन बोटांसाठी स्प्रिंगचा एकेक वेढा कापायचा होता. तुम्ही रबरी बुश आणायला भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलात आणि जाताना सांगितलंत, "आरीनं काप. हळूहळू." दुपारपर्यंत तीन पाती मोडली, आणि स्प्रिंगवर नखानं ओढल्यासारखी एक रेघ उमटली होती. कोपऱ्यात वेल्डिंगचा गॅस होता. मी तो पेटवला. दोन्ही वेढे कापायला एक गाणं संपेल एवढाही वेळ लागला नाही. कापल्या जागी निळा, जांभळा, सोनेरी असा रंग चढला. मला तो सुंदर वाटला. तुम्हाला दाखवायचा म्हणून मी त्या स्प्रिंगा दाराशीच मांडून ठेवल्या.

संध्याकाळी तुम्ही आलात. रंगाकडे पाहिलंच नाहीत. कानस घेतलीत आणि कापल्या टोकावर फिरवलीत. चांगल्या पोलादावरून कानस घसरते, कुणकुणते. इथे ती रुतली, गुळात रुतावी तशी. तुम्ही कान देऊन पुन्हा एकदा फिरवलीत.

"आगीनं कापलं?"

"हो."

"पोलाद झोपून गेलं हे, नरम पडलं. एखाद दिवशी वळणावर स्प्रिंग बसून जाईन, मंग बाई कुठं जातीन?" मी स्प्रिंगा उचलायला वाकले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "येवढी घाई कायची होती तुले? कोण बसून हाय तुई वाट पाहत?"

बोललात आणि तुम्हालाच ते ऐकू आलं. कानस खाली ठेवून तुम्ही हौदाकडे गेलात आणि पुष्कळ वेळ हात धूत राहिलात. घरी जेवताना आपण दोघं भाताकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नागपूरच्या भंगारबाजारातून तशाच स्प्रिंगांची जोडी शोधून आणलीत. मग दोन दिवस आपण ती कापतो आहोत. मी आरी ओढते, तुम्ही पात्यावर पाण्याची धार धरता. मग तुम्ही ओढता, मी धार धरते. बाहेरून ट्रक जातात, तेही लांबून गेल्यासारखे. आरीचा आवाज दुपारी होला घुमतो तसा, एकसुरी. त्या आवाजात मला वाटायचं की आपण दोघं एकाच झोपेत आहोत, आणि कोणी उठवलं नाही तर आपलं काही बिघडणार नाही.

स्प्रिंग साखळीनं आवळून बसवायची होती. "तोंड समोर नोको ठेवू, सुटली तं जीव घेते," तुम्ही म्हणालात. तुम्ही सांगत होतात आणि हात माझे चालत होते. बोल्ट तुमच्या पुढ्यातच पडला होता आणि तुम्ही तळव्यानं फरशी चाचपत होतात. मी तो तुमच्या तळव्याखाली सरकवला. तुम्ही उचललात. जॅक उतरवल्यावर चारही चाकांशी बोटं घातली, तर उजवीकडे पुढे अर्धं बोट जास्त होतं. "चालते. बाई बसल्या का बरोबर होते," तुम्ही म्हणालात, आणि तसंच झालं.

गाडी न्यायला आल्यावर काम कोणी केलं असं बाईंनी विचारलं, तेव्हा तुम्ही "पोरीनं" म्हणालात. दोन महिन्यांनी सासरचे दोघे मला न्यायला आले, दुकानातल्या बाकावर बसले. तुम्ही त्यांच्यादेखत मला विचारलंत, "जायचं हाय का तुले?" मी नाही म्हटलं. "आयकलं ना?" असं त्यांना म्हणून तुम्ही चहा सांगितलात. पुढच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते साधलं नाही. दुसराही डोळा गेला. मग तुम्ही स्टुलावर बसून घणाचा आवाज ऐकायचात आणि पाटा पुरेसा तापला की नाही ते सांगायचात. तुमच्यानंतरही ते दुकान मी पुष्कळ वर्षं चालवलं. हे सगळं तुम्हाला माहीत असल्यासारखंच आहे. हा कागद घडी करून मी ट्रंकेत टाकणार आहे. लिहायचं होतं ते वेगळंच.

गाडी बाईंना देण्याच्या आदल्या सकाळी आपण ती चालवून पाहायला निघालो. तुम्ही मला दुकानासमोर ट्रक मागेपुढे करायला शिकवलं होतं, तेवढ्यावर मी स्टेअरिंगला बसले. धुकं अजून बांध्यांवर होतं. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला वळलो तेव्हा कापलेल्या धानाची धसकटं थेट आपल्या डोळ्यांसमोरून जात होती, इतके आपण खाली बसलो होतो. मोरीवरून गाडी गेली, तर गचका बसला नाही. तुम्ही दारावरून हात खाली सोडलात. "हात लांबवला तं रस्ता लागते," म्हणालात आणि हसलात. आई गेल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. सागाची सावली अंगावरून यायची, जायची.

मग तुम्ही म्हणालात, "समोर वळणापासून आत तलाव हाय. लग्नाच्या साली तुया मायले घेऊन आलो होतो. कमळं रायतेत. जाऊ का? येक डाव पाहून घेऊ."

मी म्हटलं, "पेट्रोल नाही बाबा." आणि गाडी वळवली.

"बरं," तुम्ही म्हणालात. परत येईपर्यंत तुमचं तोंड झाडांकडे होतं.

पेट्रोल होतं. काटा अर्ध्याच्या वर होता. तुमचं ते संध्याकाळचं बोलणं माझ्या मनातून गेलं नव्हतं, आणि तुमची एक तरी गोष्ट मला मोडायची होती. तलाव काय, पुढच्या हिवाळ्यातही पाहता येईल असं मी धरून चालले. आणि बाबा, त्या काट्यापर्यंत तुमची नजर पोचत नाही, हे मला तेव्हा माहीत होतं.