बावखलाविषयी मी काही बोलणार नाही

आगाशी, वाडीतून
गुरुवार (तारीख पोस्टाचा शिक्का सांगेल)

चि. कृष्णा यास जयवंतीताईचे पोटभर आशीर्वाद.

तू, पूर्वी आणि दिशा तिघंही ठणठणीत असाल असं मी धरूनच चालते, कारण परवा फोनवर "ताई, मनाची तयारी कर" असं तू ज्या आवाजात म्हणालास तो आवाज आजारी माणसाच्या तोंडून निघत नाही. माझे गुडघे होते तिथेच आहेत. केळींना घड बरे लागलेत, मोगरा पावसाने झोडपला, आणि पानवेलीचं म्हणशील तर (तू म्हणणार नाहीस, तुला नाशकात पान गादीवर मिळतं) ठीक चाललंय. फोन सोडून पत्र कशाला, असंही वाटेल तुला. त्याचं असं आहे की व्हॉट्सॲपवर तू निळ्या खुणा करून गप्प बसतोस. पत्र निदान तुझी पूर्वी तरी उघडून वाचते.

आपलं बावखल बुजवून ती जागा बंगल्याला विकायची, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त माझी सही अडलीय, हे तू सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं. बावखल म्हणजे नाशिकच्या मित्रांपुढे तू ज्याला 'आमचं गावाकडचं तळं' म्हणतोस ते. पणजोबांनी खणलेलं, सगळ्या वाडीला पाणी पाजणारं, आणि ज्यात तू पोहायला शिकलास (म्हणजे बुडत होतास आणि मी केसाला धरून बाहेर ओढलं). त्याबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. जागा तुझी आहे, माझीही आहे, पण ते असो. मी फक्त आळीच्या बातम्या कळवते.

पहिली बातमी म्हणजे आपल्या शेजारचा क्लिफर्ड, फ्लॉसीचा नवरा, कुवेतहून कायमचा परत आला. तिकडे तो तेलाच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. उभी नोकरी त्याने आग लागण्याची वाट पाहिली आणि ती मेली कधी लागलीच नाही, त्यामुळे सगळी हौस शिल्लक राहिलेली. ती त्याने आळीवर काढली. आल्या आल्या 'आळी आपत्ती निवारण मंडळ' काढलं, घरोघर जाऊन सिलेंडर तपासले, आणि स्वतःच्या घरी फ्लॉसीला शेगडी कशी पेटवावी ते समजावू लागला, तेव्हा तिने पळी त्याच्या हातात दिली आणि आमच्याकडे चहाला येऊन बसली. मला मंडळाने शिट्टीप्रमुख केलं. तुमचा आवाज तसाही शेवटच्या घरापर्यंत पोचतो, असं क्लिफर्ड म्हणाला (हा मान समजावा की टोमणा, याचा मी अजून विचार करतेय). पाण्यात घालायची जाकिटं त्याने अर्नाळ्याच्या एका होडीवाल्या मित्राकडून उसनी आणली. मित्राने ती सुक्या बोंबलांच्या खोलीत ठेवलेली होती. त्यामुळे मंडळाचे सभासद पुढे आणि आळीतली मांजरं मागे अशी मिरवणूक आठवडाभर निघत होती.

मे महिन्यात सराव ठरला. आता पाण्यातून माणूस काढायचा सराव करायचा तर पाणी हवं, आणि आसपास तेवढं पाणी उरलंय फक्त आपल्या बावखलात. (हे मी सहज लिहिलं. त्यात काही सुचवायचं नाही.) बुडायला ॲल्रॉयला उतरवला, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो तो, वजनदार गृहस्थ. पण मे महिन्यात बावखल गुडघाभर. ॲल्रॉय मधोमध उभा राहून 'बुडालो, बुडालो' म्हणत होता आणि काठावरच्या बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या. क्लिफर्ड चिडला, म्हणाला, निदान खाली तरी बस. ॲल्रॉय बसला तो गाळात असा रुतला की खरोखरच उठेना. मग खरी धावपळ झाली. कुवेती पद्धत बाजूला राहिली, शेवटी रहाटाच्या जुन्या काथ्याच्या दोराने आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला ओढला. अंगाला चिखल, ओठाला चिखल. त्या रात्रीच्या लग्नात त्याच्या ट्रंपेटातून काय सूर निघाले ते वरातीलाच माहीत.

त्याच संध्याकाळी दुसरा सराव होता, सगळ्यांनी एका जागी जमण्याचा. जागा म्हणजे आळीच्या तोंडाशी उंच ओट्यावरचा क्रूस. इशारा म्हणून क्लिफर्डने तिथलीच घंटा वाजवायचं ठरवलं. इतकी वर्षं वाळवंटात काढल्याने बिचारा विसरला होता की मे महिन्यात संध्याकाळी क्रूसाची घंटा झाली की प्रार्थना असते, आणि प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात. घंटा वाजली मात्र, सगळी आळी हजर. ख्रिस्ती आले, आपले आले, नव्या इमारतीतले भाडेकरूसुद्धा आले, आणि प्रत्येकाच्या हातात वाटी नाहीतर डबा. रांगेत, शिस्तीत बसले. (माझ्याही हातात डबा होता. शिट्टी गळ्यात होती, पण डबा हातात होता.) क्लिफर्डला भरून आलं. कुवेतमध्ये एवढी माणसं इतक्या पटकन कधी जमली नव्हती म्हणे. मग कुणीतरी विचारलं की चणे कुठायत. चणे नव्हते. तेव्हा लोकांनी जो दंगा केला, ती मंडळाच्या कारकिर्दीतली पहिली खरी आपत्ती. फ्लॉसीने शिव्या घालत कुकर चढवला, आणि ठराव झाला की यापुढे चणे शिजल्याशिवाय घंटेला हात लावायचा नाही.

हसलास ना? आम्हीही हसलो. मग जुलै आला.

पाऊस दोन दिवस हटेना आणि त्यातच मोठी भरती, म्हणजे खाडी पाणी घेईना. सकाळी रस्ता दिसेनासा झाला. वरून मदत येणार येणार असं सगळे म्हणत होते, पण मदतीलाही यायला रस्ता लागतो. क्लिफर्डने आधी फ्लॉसीला विचारलं, तिने शिजलेत म्हणून मान हलवली, तेव्हा त्याने घंटा वाजवली. एकही माणूस घरात थांबला नाही. एरवी पूर आला तरी कपाटाला कवटाळून बसणारे लोक, पण डबे घेऊन निघाले सगळे. क्लिफर्डची आई, लुसीबाय, नव्वदीला टेकलेली, तिला स्ट्रेचरवर घेतली. ती वरून उचलणाऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरून सूचना करत होती, "डावीकडं घे रे, तिकडं गटार हाय," आणि गटार होतंच तिकडे.

मी मात्र मागे राहिले होते. पाणी आपल्या घराच्या खालच्या पायरीला लागलं, मग दुसरीला. शिट्टी तोंडात होती पण फुंकर निघेना. कृष्णा, मी तुला सरळ सांगते, मी घाबरले. घरात मी एकटी, गुडघे हे असे, आणि तू नाशकात. आणि मग ते पाणी केळींच्या कडेच्या जुन्या पाटाने वळलं आणि बावखलात उतरायला लागलं. दिवसभर उतरत होतं. मे महिन्यात गुडघाभर असलेलं बावखल काठोकाठ भरलं आणि आळीचं सगळं पाणी त्याने पोटात घेतलं. तिसरी पायरी कोरडी राहिली. मी घराच्या ओट्यावर बसून रडले आणि मग क्रूसाकडे गेले, कारण चणे संपले असते.

पलीकडच्या आळीचं बावखल गेल्या वर्षी बुजलं, तिथे बंगला झालाय. बंगल्याचं नाव 'लेक व्ह्यू'. त्या दिवशी तो नावाला जागला. त्या आळीत घराघरातून खाटा तरंगत होत्या. ती माणसं आपल्याच क्रूसापाशी आली, बंगल्याचे मालकही नाइट ड्रेसवर आले. डबा आणायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती, त्यांनी चणे टोपीत घेतले.

पाणी ओसरल्यावर तुझं गिऱ्हाईक जागा बघायला आलं, पांढरे बूट घालून. तेव्हा नेमका सराव चालू होता आणि ॲल्रॉय आता बुडायला तयार नाही. क्लिफर्डने पाहुण्याला जखमी म्हणून निवडला. तो नाही म्हणेपर्यंत त्याला बोंबलाचं जाकीट चढवून स्ट्रेचरला बांधलाही होता. क्रूसापर्यंत नेला, चणे दिले, सोडला. माणूस वाईट नाही.

तर इकडची खुशाली ही अशी. बावखलाविषयी मी एक शब्द लिहिलेला नाही, हे पूर्वीलाही दाखव. दिशाला माझा गोड पापा.

तुझी,
जयवंतीताई

ता. क. स्ट्रेचरवरून गिऱ्हाईकाने मला विचारलं की पाणी दर वर्षी याच खड्ड्यात येतं का. मी खोटं कशाला बोलू? मग त्याने विचारलं, खड्डा बुजल्यावर ते कुठे जाईल. मी म्हटलं, ते कृष्णाला विचारा, तो शिकलेला आहे. त्याचा फोन येईल तुला.

आणखी एक. हाच प्रश्न मंडळाच्या सभेतही निघाला. क्लिफर्डचं म्हणणं, कुवेतचा नियम असा की सुरक्षेची सोय जो काढतो त्यानेच दुसरी सोय द्यायची. तेव्हा एकमताने ठरलं की बावखल बुजलं तर पुढच्या पावसाळ्यापासून घंटा झाल्यावर सगळ्या आळीने कृष्णाच्या नाशिकच्या फ्लॅटवर जायचं, कारण तो उंचावर आहे आणि कोरडा आहे. तुझा पत्ता आणि फोन नंबर क्रूसाजवळच्या फळ्यावर रंगवून झालाय. मी विरोध करणार होते, पण तोवर माझा हात वर गेला होता. अंथरुणं आमची आम्ही आणू, फ्लॉसीच्या कोंबड्या बाल्कनीत राहतील, आणि ॲल्रॉय ट्रंपेटचा रियाज सकाळीच उरकतो.

सहीचं काही अडणार नाही. कागद पाठव, मी सही करते. फक्त त्याआधी पूर्वीला विचारून एवढं कळव, की तुमच्याकडे साधा संडास आहे का. लुसीबायला कमोडवर बसता येत नाही.