हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलेल्या बोटाबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बालरुग्णालय.

विषय : मुलांच्या वॉर्डातील चेहऱ्यांच्या तक्त्याबाबत व माझ्या मुलीच्या येत्या ऑपरेशनपूर्वी करावयाच्या एका कामाबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, कोपराचे हाड मोडल्यामुळे आपल्याकडे दाखल झालेल्या सहा वर्षांच्या मुलीची आई, आपणांस सविनय कळविते की वरील उत्तर मला मिळाले. ते मी उभ्याने वाचले, मग बसून वाचले. दोन्ही वेळा त्यात एवढेच होते : "बालरुग्णाने वेदना नसल्याचे स्वतः दर्शविले होते, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." तक्रार निकाली निघाली याबद्दल आभार. मुलीची तीन बोटे अजून सरळ होत नाहीत, ती कशी निकाली काढायची याचा उत्तरात उल्लेख नाही.

२. मुलगी शाळेच्या जिन्यावरून पडली. आपल्याकडे हाड बसवून हात प्लास्टरमध्ये घातला, ते काम नीट झाले होते असे सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लास्टरबाहेरची बोटे सुजून गार पडली आणि मुलगी उशीत तोंड खुपसून पडून राहिली. मी सिस्टरांना बोलावले. सिस्टर वाईट नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. एका बाईच्या गळ्यात अख्खा वॉर्ड बांधला तर ती जितकी चांगली राहू शकते तितक्या त्या होत्या. त्यांनी खिशातून चेहऱ्यांचा तक्ता काढला. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडून बेजार झालेला, मध्ये बाकीचे. "बाळा, तुझा चेहरा यातला कुठला?" मुलीने हसऱ्यावर बोट ठेवले. सिस्टरांनी दुखण्याच्या रकान्यात शून्य लिहिले. मी म्हटले, तिची बोटे तरी बघा. त्या म्हणाल्या, "ताई, तिलाच विचारलं ना? तिचं दुखणं तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

३. मुलीने हसऱ्यावर बोट का ठेवले, हे आपल्या चौकशीत कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगते. शेजारच्या खाटेवरच्या दोन वेण्यांच्या मुलीने त्या सकाळी हसरा चेहरा दाखवला आणि दुपारच्या जेवणाआधी ती फुगा घेऊन घरी गेली. पलीकडच्या मुलीने रडका दाखवला, तिला इंजेक्शन मिळाले. माझी मुलगी खाटेवरून सगळे बघत होती. नंतर तिने मला समजावून सांगितले, "आई, हसरं दाखवलं की सोडतात. रडकं दाखवलं की टोचतात." आपल्या वॉर्डात रुग्णांना शिक्षण मिळत नाही असे म्हणण्याची आता कोणाची छाती आहे?

४. त्या संध्याकाळी मी सिस्टरांच्या टेबलापाशी इतक्या खेपा घातल्या की शेवटी माझ्यावरच उपचार करायचे ठरले. कुटुंबाला आरोग्यशिक्षण देणाऱ्या बाई आल्या आणि मुलीच्या खाटेशीच मला स्टुलावर बसवून शिकवू लागल्या. आई घाबरली की मूल घाबरते. आईने हसतमुख राहावे. आईला उगीच काहीबाही वाटत असते. मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. फाइलमध्ये "आई अतिचिंताग्रस्त, समजूत घातली, समजले" असे लिहून त्याखाली माझी सही घेतली. सही केली की कोणीतरी बोटे बघेल, या आशेने मी ती केली. बोटे सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी बघितली आणि आवळलेले प्लास्टर तिथल्या तिथे कापले. तोवर तीन बोटे आखडली होती.

५. माझ्या पहिल्या अर्जानंतर मला पालकांच्या वर्गाला हजर राहण्याचे फर्मान आले. गेले. वर्ग नवजात बाळांच्या आयांचा होता. माझी मुलगी पहिलीत आहे, असे मी सांगून पाहिले. तर "वर्ग एकच आहे" असे उत्तर मिळाले. मी रबरी बाहुलीला अंघोळ घातली, तिची मान सांभाळली, तिची ढेकर काढली. बाहुलीची माझ्याविषयी काही तक्रार नव्हती. मला प्रमाणपत्र देण्यात आले.

६. आता मुद्दा. येत्या आठवड्यात मुलीच्या बोटांचे ऑपरेशन आहे, त्याच वॉर्डात, त्याच तक्त्याखाली. मध्यंतरी घरी तिच्या पायावर गरम चहा सांडला. मी धावले, तर ती माझ्याकडे बघून हसली. काही नाही म्हणाली. फोड मला मोजा काढताना दिसला. का नाही सांगितलेस, म्हणून विचारले, तर म्हणते, "तू घाबरशील ना." महोदय, हीच मुलगी पूर्वी न लागलेले खरचटणेसुद्धा फुंकर मारून घ्यायला माझ्याकडे आणायची. आता ती हसली की मी आधी तिचे मोजे काढून बघते. दुखले तर सांगत जा, असे मी तिला रोज सांगते. ती मान डोलावते, पण विश्वास ठेवत नाही. का ठेवावा? आईला काही कळत नाही, हे तिने गणवेशातल्या बाईच्या तोंडून ऐकले आहे. ऑपरेशननंतर हात पुन्हा आवळला, तर या वेळी ती मलाही कळू देणार नाही.

७. मला नुकसानभरपाई नको. कोणाला शिक्षा नको. तक्ताही फेकू नका, आणखी पैसे घालून तो नवीन आणाल. माझी मागणी एकच : ऑपरेशनच्या आधी त्याच सिस्टरांनी, गणवेशात, माझ्यासमोर माझ्या मुलीच्या खाटेवर बसून तिला सांगावे की तुझी आई बरोबर बोलत होती, तुला दुखत होते, आमचे चुकले. हे मी सांगून उपयोग नाही, मी सगळे करून पाहिले आहे.

हे ऐकून ती रडू लागली तर कृपया तिला कोणी गप्प करू नये. मी तेवढ्यासाठीच येणार आहे.

आपल्या वर्गातून उत्तीर्ण झालेली,
(सही)
मुलीची आई

दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार

सोबत :
१) प्रमाणपत्राची प्रत.
२) मुलीच्या दोन्ही हातांचा फोटो. डावा चांगला आहे, तो तुलनेसाठी.