निवांत, लेव्हल चौऱ्याहत्तर

३ फेब्रुवारी, रविवार

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी पाणी उशिरा आलं होतं. आधी पिंप भरलं, मग चादरी भिजवल्या, दूध तापवून ठेवलं आणि झाडू घेऊन बाहेरच्या खोलीत आले. हे कॉम्प्युटरसमोर, कानांवर हेडफोन. मी म्हटलं पाय वर घ्या. म्हणाले दोन मिनिटं. मी म्हटलं तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. त्यांनी पाय वर घेतले. मी झाडू टेबलाखाली घातला आणि प्लग निघून आला. स्क्रीन काळी.

रागावले नाहीत. काळ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, सात जण मेले. मी म्हटलं, खेळातले ना, होतील परत जिवंत. म्हणाले, होतील. मग आम्ही चादरी पिळल्या. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

गुरुवारी हे गेले.

आता चादरीचं एक टोक मी नळाला बांधते. सवय झाली आहे. काही वाटत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे धूळ पुसताना कॉम्प्युटर सुरू झाला. त्यांच्या टोळीची पाटी समोर आली. ह्या टोळीतले आठ जण दर रविवारी दहा वाजता खेळात भेटतात. नियम असा की जो नव्वद दिवस आला नाही त्याची जागा दुसऱ्याला. ह्यांचे आज चौऱ्याऐंशी झाले.

ठरवलं. आत जायचं, पाच मिनिटं उभं राहायचं, बाहेर यायचं. गाडीत रुमाल टाकून जागा धरतात तसं. खेळायचं नाही. मला काय करायचंय.

(वही मी काम करते त्या शिंप्याच्या दुकानातली, मापं लिहायची. छाती, कंबर, उंची असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्यावरूनच लिहिते आहे.)

४ फेब्रुवारी

पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला. ह्यांच्या अक्षरात.

ह्यांचं खेळातलं नाव निवांत. लेव्हल चौऱ्याहत्तर. मोठी ढाल घेऊन चौकात उभे होते, विहिरीजवळ. पाच मिनिटं शेजारी बसले. म्हणजे मी खुर्चीत बसले.

चिमणी नावाची कुणीतरी आली. हीच टोळीची मुख्य. आवाजावरून हुशार मुलगी असावी. आवाज ऐकला नाही, लिहिण्यावरून. निवांत, असं चार वेळा लिहिलं तिने.

मी लिहिलं: नमस्कार. माझी प्रकृती आता बरी आहे. माझा माइक बिघडला आहे, तरी लिहूनच बोलेन. आपल्या सर्वांची प्रकृती कशी आहे?

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं: सगळे बरे आहेत. रविवारी या. जागा आहे.

अजिबात शंका आली नाही त्यांना.

७ फेब्रुवारी

आता बोलावलंय तर रविवारी एकदा जाऊन यायला हवं. न गेल्यास बरं दिसणार नाही. अवघड काही नाही. चार वर्षं ह्यांच्या शेजारी बसून मी पुस्तकं वाचली, अधूनमधून नजर असायचीच. बघून सगळं येतं. शिवण मी बघूनच शिकले. वाचायलाही कुणी शिकवलं नाही. दुकानात मास्तर जुन्या वर्तमानपत्रांचे नमुने कापायचे, त्यावरच्या अर्ध्याअर्ध्या बातम्या जुळवत शिकले. त्यामुळे एखादी गोष्ट अर्धी कळली तरी माझं अडत नाही.

शिवाय लेव्हल चौऱ्याहत्तर आहे. शून्यापासून थोडीच सुरुवात आहे.

८ फेब्रुवारी

आज निवांतची पिशवी आवरली. बाई गं. पुरुषाची पिशवी. किडलेली पिसं, तुटकी कुलपं, कसलेसे निळे खडे तीनशे बारा. तीनशे बारा. खेळातल्या दुकानदाराला सगळं विकून टाकलं. पिशवी लखलखीत.

ह्यांच्या कपाटाला मात्र अजून हात लावलेला नाही. सवड नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

पहिली लढाई. उत्तम झाली. फक्त सहा वेळा मेले.

ढालवाल्याचं काम म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा. बाकीचे मागून लढतात. मी पुढेच होते, पण गुहेत वळणं फार, त्यामुळे पुढे कुठल्या बाजूला हे ठरवण्यात वेळ गेला. खुर्चीही कलते. माउसची वायर आखूड आहे. चष्मा जवळचा लावायला हवा होता.

ठरलं होतं मोठ्या गुहेत जायचं. चिमणी म्हणाली आज सोपी करू, सगळे दमलेत. मंडळी फारच लवकर दमतात. ह्यांच्या वेळी असं नव्हतं.

एक गंमत. मागे पळायचं असलं की हे लोक लिहितात, पाय वर घ्या. सगळे एकदम मागे पळतात. खेळातला शब्द असणार.

संकल्प: उद्यापासून रोज अर्धा तास सराव.

११ फेब्रुवारी

दुकानात घाई. सराव नाही.

१२ फेब्रुवारी

पंधरा मिनिटं. एका भिंतीत अडकले. भिंतीचीच चूक.

१३ फेब्रुवारी

लेकीचा फोन. आई, करतेस काय दिवसभर. मी म्हटलं वाचते. म्हणाली कुणाशी बोलत जा गं, अशी कोंडून घेऊ नकोस. मी म्हटलं बोलते, सात जणांशी. म्हणाली कोण सात जण. मी म्हटलं दूध उतू जातंय, ठेवते.

दूध तापत नव्हतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

प्रगती. चार वेळाच मेले. शेवटी तर ढाल अगदी घट्ट धरून उभी राहिले, हलले नाही. नंतर कळलं तोंड आपल्याच लोकांकडे होतं. भूकंप नावाचा तगडा लढवय्या आहे, तो म्हणाला ढाल छान धरलीत. जाणत्याला कळतं.

आजही सोपी गुहा. आज म्हणे सगळ्यांना सर्दी.

१९ फेब्रुवारी

दुकानात एक बाई मशीन दाखवायला घेऊन आल्या. नवं, महागाचं, त्यांच्या गेलेल्या बहिणीचं. टाका वेडावाकडा येतो म्हणाल्या, मशीन बिघडलंय. मास्तरांनी बसून चार बोटं शिवण घातली. सरळ रेघ. म्हणाले, बाई, मशीन सगळं जाणतं, हात नवा आहे. वर्षभर काजंबटणं करा, मग बघू. बाई तोंड वाकडं करून गेल्या.

लोकांना आपल्या हाताबद्दल किती भलत्या कल्पना असतात.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज टोळीतला एक गैरहजर, म्हणून बाहेरचा कुणीतरी घेतला. माझ्या पहिल्या मरणानंतर त्याने लिहिलं, हा चौऱ्याहत्तर विकत घेतलाय का कुणाकडून? दुसऱ्या मरणानंतर लिहिलं, ह्याचा हात लेव्हल दोनचा पण नाही, कोण बसलंय तिथे?

पुढचं वाचायच्या आत तो दिसेनासा झाला. चिमणीने काढून टाकला. मग भूकंपने लिहिलं, चला, सोपी गुहा.

उद्धट लोकांना बाहेरची वाट दाखवायलाच हवी. पण तो नक्की कुणाबद्दल बोलत होता?

माउस बदलायला हवा.

२८ फेब्रुवारी

लेकीने विचारलं, बाबांचं कपाट मी येऊन आवरू का. म्हटलं नको, मी आवरीन. पुढच्या आठवड्यात.

सराव: शून्य. पण डोक्यात चालू असतो.

३ मार्च, रविवार. दुपार

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

आज चिमणी म्हणाली पुढच्या रविवारी काळा दरवाजा. टोळीने दोन वर्षं ह्याची वाट पाहिली. दरवाजा कधीच उघडलेला नाही. हे त्याबद्दल जेवताना बोलायचे, मी हं म्हणायचे. मला बरं वाटलं. ह्यांचं राहिलेलं काम आपल्या हातून होईल, त्या प्लगची भरपाई होईल. हे इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. त्यासाठीच मी जाते. जागेसाठी नाही.

मग चिमणीने लिहिलं: तीनशे निळे खडे लागतील. ते निवांतकडे आहेतच.

आठ जणांनी सात महिने वेचले होते. सगळ्यांत भरवशाचा माणूस म्हणून ह्यांच्याकडे ठेवले होते.

मी दुकानदाराकडे पळाले. म्हणजे आधी भिंतीत गेले, मग दुकानदाराकडे. तो फक्त त्याच दिवसाचा माल परत देतो. त्याने मला एक सफरचंद दाखवलं.

परत येऊन लिहिलं: माझ्या पिशवीला भोक पडलं होतं.

खेळातल्या पिशवीला भोक पडत नाही, हे मलाही लिहिताना कळत होतं.

चिमणीने लिहिलं, पडतं कधी कधी.

भूकंपने लिहिलं, माझ्याही पडलं होतं एकदा.

मग त्यांनी सोपी गुहा केली. मी नऊ वेळा मेले. एकदा तर सुरू व्हायच्या आधी.

५ मार्च

दुकानात दोन काजं चुकीच्या बाजूला केली. मास्तर म्हणाले तब्येत बरी नाही का. म्हटलं बरी आहे. म्हणाले, मग उसवा.

उसवली.

१० मार्च, रविवार

ठरवून बसले होते. गेल्यागेल्या लिहिलं: मी निवांत नाही. मी त्यांची पत्नी. ते नोव्हेंबरात गेले. खडे मी विकले. शेवटच्या दिवशी प्लगही माझ्याच झाडूने निघाला. तुमचे सात जण माझ्यामुळे मेले. क्षमा असावी. जागा दुसऱ्या कुणाला द्यावी.

चिमणीने लिहिलं, हेडफोन लावता का.

लावला. आतून जाड, खोकणारा, साठीतला पुरुषी आवाज आला. चिमणी. मी म्हटलं आपण मुलगी असाल असं वाटलं होतं. म्हणाला, वहिनी, पुष्कळांना वाटतं.

आम्हाला पहिल्याच दिवसापासून माहीत आहे म्हणाला. निवांत चार वर्षांत तीनच शब्द लिहायचा. चला, थांबा, आलो. तुम्ही आल्याआल्या सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी केलीत. आणि तो असता तर त्याने तुम्हाला त्या खुर्चीत बसू दिलं नसतं.

बरोबर आहे. बसू देत नसत.

मी म्हटलं मग बोलला का नाहीत. म्हणाला, काय बोलणार. तुम्ही एवढ्या मन लावून मरत होता.

मागे कुणीतरी हसलं आणि थांबलं.

मग म्हणाला, तुमचा आवाज आम्हाला चार वर्षांपासून ओळखीचा आहे. त्याचा माइक कधी बंद नसायचा. चहा गार झाला. गॅस बंद केलात का. तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. आणि पाय वर घ्या. वहिनी, ते ऐकलं की तो लढाई सोडून पाय वर घ्यायचा आणि आम्ही सगळे मार खायचो. मग शहाणे झालो. ते शब्द ऐकले की आम्हीच आधी पळायला लागलो.

मला वाटलं होतं खेळातला शब्द आहे.

प्लगचं विचारलं. म्हणाला कोणता प्लग. म्हटलं त्या रविवारी. भूकंप मधेच बोलला, बारीक आवाजात, अहो तो तर दुपारी परत आला होता. चादरी पिळून आलो म्हणाला. आम्ही सगळे जिवंत झालो, ती गुहा पुरी केली. मजेत होता.

मी दुपारी झोपले होते त्या दिवशी. झोपतेच रविवारी.

म्हणजे चार महिने मी जे धरून बसले होते तेही नव्हतं. हात एकदम रिकामे झाल्यासारखं वाटलं. बरं वाटलं असं नाही. रिकामे, एवढंच.

नव्वद दिवसांच्या नियमाचं विचारलं. तो म्हणे ह्यांनीच केला होता, शिस्त म्हणून. आजवर कुणालाही काढलेलं नाही. एक जण तीन वर्षं आलेला नाही, त्याचीही जागा आहे.

निघताना चिमणी म्हणाला, निवांतला कुणी हलवणार नाही. तो चौकात राहू दे. तुम्हाला यायचं असेल तर आपल्या नावाने या, लेव्हल एकपासून. निळे खडे लेव्हल एकच्याच माळावर मिळतात. आम्हाला तिथे जाऊन वेचायचा कंटाळा येतो.

मी म्हटलं विचार करीन. विचार कसला करायचाय. नाही म्हणजे नाही. ह्या वयात. लेव्हल एक.

जायच्या आधी निवांतला विहिरीच्या कठड्यावर बसवलं. बसायचं बटण कुठलं हे शोधायला दहा मिनिटं लागली. ढाल शेजारी ठेवता येते. बसल्यावर पाय मात्र खाली लोंबतात, ते वर घेता येत नाहीत.

कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली. आता उघडायचा नाही. हा ठाम निर्णय.

११ मार्च, सोमवार

पाणी वेळेवर आलं. पिंप भरलं, चादरी भिजवल्या. कॉम्प्युटरवरचीही काढून भिजवली, मळली होती. टोक नळाला बांधून सगळ्या पिळल्या. ह्यांच्या कपाटाचा वरचा एक कप्पा आवरला. दुकानातून आल्यावर लेव्हल एकची एक बाई तयार केली, नाव लिहिलं काजबटण, आणि माळावर जाऊन चार खडे वेचले.