कुऱ्हाडच होती

१७ जुलै

स्तामातिया माहेरी गेली, नाफ्प्लिओला. इतक्या वर्षांचा संसार, आणि कारण काय, तर पुतण्याच्या बाप्तिस्म्यात माझ्या हातून एक खुर्ची मोडली. फोटोग्राफरच्या पाठीवर मोडली, हे मान्य. पण सुरुवात त्याने केली. म्हणे अगामेम्नॉन राजा ट्रॉयहून जिंकून आला आणि बायकोने त्याला न्हाणीघरात तलवारीने मारलं. तलवारीने! मी मिकीनेसच्या अवशेषांवरचा लायसन्सवाला गाइड. ज्या वाड्यात तो खून झाला त्याचा दगड न् दगड मला ओळखतो. कुऱ्हाड होती. कुऱ्हाडच होती.

जाताना स्तामातियाने अट घातली. १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, ये. तोवर तुझं एकही भांडण कानावर आलं नाही तर बॅग भरून तुझ्याबरोबर निघते. आलं, तर येऊच नकोस.

सोपं आहे. मी मुळातच शांत माणूस. बाकीचे नाहीत.

संकल्प: राग बंद. आजपासून.

१८ जुलै

शांततेचा पहिला दिवस उत्तम गेला. अपवाद लिसांद्रोस.

लिसांद्रोस म्हणजे तो नवा गाइड. टुरिस्टांच्या कानात यंत्रं घालतो आणि स्वतः माइकमध्ये कुजबुजतो, पापाची कबुली दिल्यासारखा. तो तलवारवाला आहे. सकाळी सिंहदरवाजाशी सगळ्यांच्या देखत विचारलं, काय मेनेलाओस, बायको गेली म्हणे? मग जहाजं कधी सोडतोस? पुराणातल्या मेनेलाओसचीही बायको गेली होती, त्यावरूनच ट्रॉयचं युद्ध पेटलं. मला हे नाव आजोबांचं म्हणून ठेवलं. आपल्याकडे ठेवावंच लागतं, कोण पुढचा विचार करतो.

मी हसलो. हसता हसता थोडा धक्का लागला. तो काटेरी झुडपात गेला. हाफ पँट घातली होती त्याने, त्याला मी काय करणार.

हे भांडण धरत नाही. भांडणाला समोर दुसरा माणूस लागतो. तो झुडपात होता.

२० जुलै

प्रोफेट इलायसचा सण. पहाटेच डोंगर चढून वरच्या चॅपेलला गेलो. मन शांत करायला याहून चांगली जागा नाही.

प्रार्थना झाली, प्रसादाचा पाव वाटला. शेजारी ओरेस्तिस बसलेला. हा आमच्या अवशेषांवरचा पहारेकरी, दिवसभर शिट्टी फुंकत असतो: दगडावर चढू नका, तिथे बसू नका. मी त्याला कुऱ्हाडीचं समजावत होतो. तर पाव चघळत म्हणतो, अरे बाबा, तलवार काय न् कुऱ्हाड काय, मेला ना तो? झालं तर मग.

झालं तर मग!

मेणबत्त्यांचा ट्रे मी त्याच्यासाठी उचलला होता. पाद्रीबुवा मध्ये आले ते स्वतःच्या मर्जीने. दाढी किंचित जळाली. ओरेस्तिसचा एक दात हलतोय, पण तो आधीपासूनच हलत असणार.

देवाच्या दारात झालेलं मोजायचं नसतं. ते तिथेच माफ होतं.

२४ जुलै

आनेस्तिसचा फोन. हा स्तामातियाचा धाकटा भाऊ, नाफ्प्लिओत टुरिस्टांची एजन्सी चालवतो, माझे ग्रुप त्याचेच. म्हणाला, दाजी, तुम्ही गाइड आहात की खाटीक?

झालं एवढंच, की खून समजावायला मी आता प्रयोग करून दाखवतो. एक टुरिस्ट निवडायचा, तो राजा. त्याच्यावर मासेमारीचं जुनं जाळं टाकायचं, कारण राणीने आधी राजाला कपड्यात गुंडाळला आणि मग घाव घातले. घावांसाठी वर्तमानपत्राची सुरळी. लोकांना फार आवडतं. कालचा राजा निवृत्त डेंटिस्ट होता. जाळ्यात शिरल्यावर हसायला लागला. अगामेम्नॉन हसला असेल का? मी सुरळी टाकली आणि हाताने घाव घातले. नाकाचं हाड मुळातच नाजूक होतं. डेंटिस्ट असून त्याला ते माहीत नसावं, याचंच नवल.

आनेस्तिसला सांगितलं, हे शिक्षण आहे. तो म्हणाला, दाजी, ताईला अजून कळवलं नाही. अजून.

संकल्प: जाळं बंद. सुरळीही बंद. फक्त शब्द.

५ ऑगस्ट

उपवास चालू आहेत, मेरीमातेचे. मांस नाही, चीज नाही, अंडं नाही. बटाटे आणि ऑलिव्ह. अशा दिवसांत माणसाच्या डोक्यात जे येतं त्याला राग म्हणत नाहीत, भूक म्हणतात.

बसचा ड्रायव्हर पार्किंगमध्ये रिव्हर्स घेत माझ्या पायावर आला. खाली उतरून वर मलाच म्हणतो, आंधळा आहेस का? आम्ही एकमेकांची कॉलर धरली. तिथवर ठीक होतं. पण त्याने डोकं माझ्या डोक्याला लावलं. मांस न खाता राहिलेल्या माणसाच्या तोंडाशी कान आणायचा नसतो. चावलो. टाके पडले म्हणतात.

गिळलं मात्र काही नाही. उपवास मोडला नाही.

७ ऑगस्ट

आनंदाची बातमी! स्तामातिया स्वतः येतेय. ११ तारखेला बेल्जियमचा मोठा ग्रुप आहे. ती बसमध्ये मागे बसेल, कोणाला ओळख देणार नाही, फक्त बघेल. आनेस्तिस म्हणाला, दाजी, लोक काही म्हणोत, ताईला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. हे शेवटचं. पाया पडतो तुमच्या.

म्हणजे ती येणारच होती. सणाची वाट बघणंही तिला होईना. घर झाडून घेतलं. भिंतीवरचा डाग पुसला.

११ ऑगस्ट, संध्याकाळ

आजचा दिवस नव्व्याण्णव टक्के यशस्वी.

बस आली. स्तामातिया मागे, काळा चष्मा लावून. वाळली आहे थोडी. मी लिसांद्रोसला नमस्कार केला, दोनदा, तिला ऐकू जावा म्हणून. ओरेस्तिसने कोणावर तरी शिट्टी फुंकली, तर मी म्हणालो, फुंक भावा, तुझं कामच आहे. तिने चष्मा वर केला. मला दिसलं ते.

मग वर, वाड्यात. लाल जमिनीची ती छोटी खोली, दोरी लावलेली. हेच न्हाणीघर. हातात काही नाही, नुसते शब्द. राजा पाण्यात उतरला. राणीने अंगावर वस्त्र टाकलं, त्याला ना गळा ना बाह्या. तो धडपडला. पहिला घाव, कुऱ्हाडीचा, खांद्यात. रक्त पाण्यात. दुसरा, मानेवर. ग्रुपमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. स्तामातियासुद्धा. एवढं चांगलं मी आयुष्यात बोललो नव्हतो. आणि तिसरा–

एका उंच बेल्जियनने आपला अख्खा पंजा, पाची बोटं फाकवून, माझ्या नाकासमोर धरला.

आमच्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. राख फासली तुझ्या तोंडाला. या पंजापायी आर्गोसच्या चौकात लोक चालत्या गाड्या सोडून एकमेकांच्या उरावर बसतात. आणि इथे बायकोसमोर. तिसऱ्या घावाला.

हात गेला. मी पाठवला नव्हता. तो माणूस दोरीवरून उलटा न्हाणीघरात पडला, जिथे राजा पडला नेमका तिथे. भुवई फुटली, ओठ फुटला, लाल जमिनीवर रक्त दिसेना. तरी मी थांबलो असतो. पण पडल्या पडल्या त्याने दोन्ही पंजे वर केले, माझ्याकडे, बोटं फाकवून. दुप्पट! मग मला आत उतरावं लागलं.

ओरेस्तिसने शिट्टी फुंकली. प्राचीन जमिनीवर पाय दिला म्हणून.

चौघांनी मला ओढून काढलं. बसबरोबर आलेल्या आनेस्तिसने त्या माणसाचं बोलणं समजून घेतलं आणि मला सांगितलं. दाजी, तो म्हणत होता पाच मिनिटं थांबा. त्याच्या बायकोचा गुडघा दुखतो. ती मागे राहिलीय, चढतेय अजून. तिलाही ऐकायचं होतं.

मग तोंडाने सांगायचं. तोंड कशाला दिलंय?

स्तामातिया खाली बसली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. रुमालाने भुवई दाबत होती. माझ्याकडे बघितलं नाही. तेवढ्यात लिसांद्रोस धावत आला, माझा ग्रुप सावलीत नेला, पाणी पाजलं, आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, उरलेली गोष्ट पुरी केली. तलवारीने.

१२ ऑगस्ट

पोलीस चौकीतून आलो. बेल्जियनने तक्रार केली नाही. म्हणाला, गैरसमज झाला, हात असा धरायचा नसतो हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे चूक त्याने कबूल केली.

आनेस्तिस म्हणाला, बसकडे पुन्हा फिरकू नका. मग आवाज उतरला त्याचा. मला म्हणाला, दाजी, ताई रात्रभर काही बोलली नाही हो.

विचार करत असेल. हलका निर्णय घेणारी बाई नाही ती.

१५ ऑगस्ट

नाफ्प्लिओ. घंटा वाजत होत्या, सगळा गाव रस्त्यावर. दाढी केली होती, नवी पेंढ्याची टोपी, बदामाच्या मिठाईचा डबा. येताना दोघांनी धक्के मारले, मी त्यांना सणाच्या शुभेच्छा दिल्या.

दार तिनेच उघडलं. डबा घेऊन आत ठेवला. मी ठरवलेलं सगळं नीट सांगितलं. अकरा तारखेचं भांडण नव्हतं, गैरसमज होता, समोरच्याने पोलिसांना तसं लिहून दिलं आहे. ती ऐकत होती. पूर्ण ऐकलं. तिच्या मागे, जिन्याशी, बॅग होती. भरलेली होती का ते कळलं नाही, पण जिन्याशी होती.

मग मला वाटलं, टोपी घालून बोलतोय आपण, बरं दिसत नाही. टोपी काढायला हात वर नेला.

ती खाली वाकली. हनुवटी छातीशी, कोपर चेहऱ्यावर, खांदा भिंतीला. इतक्या झटकन, विचारसुद्धा केला नसेल. सवयीने करतात तसं.

माझा हात वरच राहिला. खाली कसा घ्यायचा ते मला समजेना. मी म्हणालो, टोपी काढतोय गं. ती तशीच थोडा वेळ. मग सरळ झाली, केस मागे घेतले, म्हणाली, हो, दिसलं मला.

मी तिच्यावर कधीही हात उचललेला नाही. हे इथे लिहून ठेवतो. ताटं वेगळी. ताट भिंतीवर फुटलं होतं. खुर्ची तिच्या शेजारी पडली होती, शेजारी. दाराला भोक पडलं तेव्हा ती दाराच्या पलीकडे होती. मी तिला एकदाही लावलेला नाही. मग ती वाकली का?

हे तिला विचारलं मी. दारातच विचारलं. तिने मिठाईचा डबा माझ्या हातात परत दिला, आणि दार लावून घेतलं. अगदी हळू.

आज कोणाशीही भांडण झालं नाही.