काळ्या बाटल्या

प्रिय दादा,

काल दुपारपासून फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. फाडण्याआधी पूर्ण वाच.

तो रविवार आठवतो? माझ्या तपासणीच्या यंत्राला कायम 'खेळण्यातली बंदूक' म्हणणारा तू त्या दिवशी आपणहून म्हणालास, दाखव की कसं चालतं ते. मी केवढी हुरळून गेले! ओट्यावर बरण्या मांडल्या. झाकण न उघडता काचेवर लेझरचा किरण टेकवायचा, परत येणाऱ्या उजेडावरून यंत्र आतल्या पदार्थाचं नाव सांगतं. साखर, सोडा, सगळं बरोबर आलं. याला फसवता येत नाही का, असं तू अगदी सहज विचारलंस आणि मी शहाणी पोपटासारखी बोलले. जाड काळ्या बाटलीतून किरण आत जात नाही, मग बाटली उघडून नमुना घ्यावा लागतो, हेही सांगून टाकलं. बाबा गेल्यापासून माझ्या कामाचं कौतुक कुणी केलं नव्हतं रे.

काल तुझ्या कंपनीच्या पेट्या आमच्या गोदामात आल्या. कागदावर लादी पुसायचं द्रव, आत जाड काळ्या बाटल्या. यंत्राने काहीच दाखवलं नाही. नियमाने एक तरी बाटली उघडायला हवी होती, पण खाली तुझी ती लांब शेपटीची सही होती. मी हसले आणि शिक्का मारला. ती घोडचूक माझीच. पण मी तुझ्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवीन, हे तू धरूनच चालला होतास. केसाने गळा कापलास दादा.

सात पेट्या ट्रकमध्ये चढल्या होत्या. आठवी चढवताना फुटली, आणि त्या गोंधळात ट्रक सात पेट्या घेऊन निघून गेला. सांडलेल्यावर यंत्र धरलं तर क्षणात नाव आलं, नायट्रिक आम्ल. वजनकाट्यावरचे काका शेजारीच उभे होते. त्यांचा डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. दवाखान्यात त्यांच्या मुलीने मला बसायला खुर्ची दिली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ट्रकवाल्याचा फोन बंद आहे, आणि कागदावरच्या पत्त्यावर नुसतं मोकळं मैदान आहे. मागवणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असेल, पण पेट्या उतरवणाऱ्यांना ते लादी पुसायचं द्रवच वाटणार. खरा पत्ता तुलाच माहीत आहे. तो आत्ता सांग. उद्या दहा वाजता जबाबात मी तुझं नाव घेणार आहे, त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. हे पत्र मी पाकिटात घातलेलं नाही. वहिनीच्या हातात उघडंच दिलं, आणि तिने ते माझ्यासमोर दोनदा वाचलं; या शेवटच्या ओळी त्यानंतर तिच्यासमोरच लिहिल्या आहेत.

तुझीच,
धाकटी